नाव घातलेला बॉटल-स्क्रू

गुणाजी परबाला लोखंडावर नाव घालायची हौस भोवली. आता ही हौस म्हणजे काय मोठं पाप आहे का? घरात नवं पातेलं आलं की भांडीवाला विचारतोच, "नाव काय घालू?" आणि आपण सांगतोच. ताटावर, पेल्यावर, अगदी चमच्याच्या दांड्यावरसुद्धा नाव. चाळीत कोणाकडे जेवणावळ झाली तर आपला चमचा दुसऱ्याच्या मांडणीवर जाऊन बसू नये, एवढाच त्यातला हेतू. गुणाजीनं तेच केलं. फक्त भांड्यांऐवजी हत्यारांवर केलं.

अर्धा जन्म त्याचा कापडगिरणीत, साच्यावर गेला होता. संपात गिरणी बुडाली, तसा मेव्हणा त्याला गोदीत घेऊन गेला आणि तिथं तो लॅशिंग शिकला. लॅशिंग म्हणजे माल बांधणं. कंटेनर नावाच्या त्या लोखंडी खोक्यात माल असा आवळून बांधायचा, की समुद्रानं वर फेकलं, खाली आपटलं, तरी तो जागचा हलता कामा नये. खाली लाकडाचे ठोकळे, चहूबाजूंनी पोलादी वायर, आणि वायर ताणायला बॉटल-स्क्रू. बॉटल-स्क्रू म्हणजे दोन टोकांना दोन आकडे आणि मधे एक चौकट. चौकट पान्यानं फिरवली की वायर ताणली जाते. गुणाजीचा हात त्यात असा बसला की ताणलेल्या वायरीवर नुसती टिचकी मारून तो सांगायचा, "अजून अर्धा फेरा."

मग त्यानं धाडस केलं. गावच्या माडांतला आपला वाटा भावाला विकून टाकला आणि मुलुंडला, कंटेनर यार्डाच्या मागच्या अंगाला, एक पत्र्याची शेड घेतली. पुढे हत्यारं, मागे खोली. खोलीत तो आणि बायको रत्नप्रभा. हाताखाली गिरणीतूनच उठलेली चार-पाच माणसं, त्यातला सगळ्यात जुना अंबादास. शेडवर पाटी लागली: 'गु. बा. परब, लॅशिंग कंत्राटदार'. रत्नप्रभेनं पाटीला ओवाळलं. गुणाजी पाटीखाली कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आता कोणाच्या भोंग्यावर उठूचा नाय."

यार्डात हत्यारांना पाय फुटायचे. सकाळी ठेवलेला पाना संध्याकाळी दुसऱ्याच टोळीच्या हातात. दोनदा भांडणं झाली, एकदा अंबादासच्या डोक्याला खोक पडली. शेवटी गुणाजीनं सगळी हत्यारं गोणत्यात भरली आणि मुलुंडच्या बाजारात भांडीवाल्याकडे नेऊन ओतली. पाने, हातोडे, वायर कापायच्या कात्र्या, आपले स्वतःचे ठेवणीतले बॉटल-स्क्रू. भांडीवाला हतबुद्ध झाला.

"परब, ह्याच्यावर नाव?"

"मग काय! सगळ्यांवर. गु. बा. परब, मुलुंड."

"'प्रेमपूर्वक भेट' घालू का खाली?" भांडीवाल्याच्या पोरगेल्या मुलीनं गल्ल्यावरून विचारलं, आणि दुकान हसलं. गुणाजीही हसला. नाव घालायचं मशीन त्या पोलादावर कुरकुरलं, ठिणग्या उडाल्या, पण नाव बसलं. घरी आल्यावर त्यानं एकेक हत्यार उजेडात धरून रत्नप्रभेला दाखवलं. तिला कौतुक वाटलं. का वाटू नये? गिरणीत जन्म काढला, पण तिथल्या एका खिळ्यावरसुद्धा त्याचं नाव नव्हतं.

काम यायचं ते एजन्सीकडून. परदेशी जहाजवाल्यांची मुंबईतली व्यवस्था बघणारी ही एजन्सी (यार्डात तिला नुसतं 'कंपनी' म्हणत), आणि तिचे यार्डातले साहेब श्यामसुंदर कर्णिक. माणूस बोलायला गोड. "परब, तुम्ही काय परके आहात का? आपलेच माणूस!" हे त्यांचं पालुपद. वायर आणि बॉटल-स्क्रू मालाबरोबर परदेशी जात, परत येत नसत, म्हणून ते सामान एजन्सीच द्यायची. माणसं, हत्यारं आणि कसब गुणाजीचं.

पंच्याऐंशी सालचा जून. भांडुपच्या एका कारखान्याचं अवजड मशीन आफ्रिकेला निघालं होतं. कंटेनर उघडा, ट्रेलर गुरगुरत उभा, आणि एजन्सीनं बॉटल-स्क्रू धाडले चार. गुणाजीनं मशीनभोवती एक चक्कर मारली आणि सरळ कर्णिकांकडे गेला.

"साहेब, ह्याला आठ लागतील. पावसाळ्याचा समुद्र आहे."

"अहो परब, जहाज काय तुमच्यासाठी थांबणार आहे? चार आहेत, चार लावा. ठोकळे जरा जास्ती मारा."

"ठोकळ्यांनी नाय भागायचं, साहेब. मशीनचं वजन एका अंगाला आहे."

"मी सांगतोय ना? बांधा. गाडी सोडा. वरून फोनवर फोन येतायत मला." मग कर्णिकांनी आवाज उतरवला. "परब, आपलेच माणूस ना तुम्ही? आज अडवू नका मला."

आता ह्यापुढे माणूस काय बोलणार? त्यानं चार वायरी ताणल्या, टिचकी मारून बघितल्या, आणि त्याचं मन काही भरेना. तो अंबादासला म्हणाला, "शेडीतले आपले दोन आण."

"आपले? ते परत येणार नायत, गुणाजी."

"आण रे! कंपनीचं काम आहे."

आणि स्वतःचे दोन, नाव घातलेले, त्यानं त्या मशीनला लावून दिले. कोणी मागितले नव्हते. कोणी बघितलेही नाहीत. कर्णिक तोवर दुसऱ्या गाडीकडे ओरडायला गेले होते.

मशीन वाटेतच सुटलं. भर समुद्रात कंटेनरच्या आत आपटत, स्वतःला मोडत, खोक्याची भिंत फाडत गेलं. बातमी मुलुंडला पोचली तेव्हा गणपती होऊन गेले होते. कर्णिक म्हणाले, "होतं परब, समुद्र आहे. विमा असतो त्याचा." गुणाजीला दोन रात्री झोप नाही आली, मग काम आलं, झोपही आली. वर्ष गेलं. वर्षावर आणखी काही महिने गेले आणि कोर्टाचा कागद आला. विमा कंपनीनं कारखान्याला भरपाई दिली होती आणि आता ती वसूल करायला निघाली होती. दाव्यात जहाज कंपनी होती, एजन्सी होती, आणि शेवटी गु. बा. परब.

रत्नप्रभेनं कागद देवासमोर ठेवला. काय उपयोग?

घाटकोपरला विद्याधर प्रधान नावाचे वकील होते. गिरणीतल्या लोकांच्या भानगडी कमी पैशात बघायचे, माणूस सज्जन. त्यांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढून डोळे चोळले.

"गुणाजीराव, नीट ऐका. जहाजातून माल जातो तेव्हा जहाजवाला एक कागद देतो. मालाची पावती म्हणा. तिच्या मागे बारीक अक्षरात त्याच्या अटी असतात. दावा लावायचा तर एक वर्षाच्या आत लावायचा, आणि लावलात तरी पेटीमागे ठरलेली छोटी रक्कम, त्याच्यावर दमडी नाही. विमा कंपनीनं वर्ष चुकवलं. म्हणजे जहाजवाला सुटला."

"मग मी पण सुटलो?"

"थांबा. पुढे लिहिलंय, हे सगळं संरक्षण जहाजवाल्याच्या नोकरांना आणि एजंटांना पण आहे. म्हणजे एजन्सी सुटली."

"मग मी?"

प्रधानांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुम्ही कोण, ते कोर्ट ठरवणार. नोकर असाल तर सुटलात. स्वतंत्र कंत्राटदार असाल, तर ही वर्षाची अट तुम्हाला नाही, रकमेची मर्यादाही नाही. अख्खं मशीन तुमच्या डोक्यावर."

"म्हणजे जहाजवाला सुटला, एजन्सी सुटली, आणि मी अडकलो?"

"हो."

"ज्याच्याकडे जहाज आहे तो सुटला?"

"कायदा असाच आहे, गुणाजीराव. मी नाही केला."

गुणाजीला हसू फुटलं. रडू यायच्या जागी कधीकधी हसू येतं माणसाला. ज्या पाटीला बायकोनं ओवाळलं, ती पाटी त्याला बुडवणार होती. दारात 'नोकर' लिहून ठेवलं असतं तर सुटला असता! पण 'नोकर' अशी पाटी कोण लावतो, सांगा.

अशा वेळी माणूस जातो कोणाकडे? साहेबाकडे. रविवारी सकाळी गुणाजी घाटकोपरला कर्णिकांच्या ब्लॉकवर गेला. जाताना गावची कोकमं आणि कुळथाचं पीठ नेलं. कर्णिकांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, चहा दिला, कोकमाचा वास घेऊन "वा!" म्हटलं. चहा संपला तरी कर्णिक क्रिकेटबद्दलच बोलत होते.

"साहेब," गुणाजी शेवटी म्हणाला, "एवढंच सांगा कोर्टात. चार लावा म्हणून तुम्ही सांगितलंत. मी तुमच्या हुकमानं केलं. आपलाच माणूस म्हणून सांगा."

कर्णिक कप बघत बसले. "परब, तुम्ही आमचे कंत्राटदार आहात. आम्ही फक्त काम सांगतो. ते कसं करायचं, हे तुमचं तुम्ही ठरवता."

हे वाक्य कर्णिकांचं नव्हतं. ते असं बोलतच नसत. कोणीतरी त्यांच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं.

"साहेब, असं झालं का त्या दिवशी?"

"माझ्याकडे बघू नका हो असं!" कर्णिक एकदम चिडले, आणि मग आवाज खाली आला. "सामान मी कमी पाठवलं म्हणून कबूल केलं, तर मी उद्या घरी बसेन. मला तरी कोण आहे?" आणि त्यांनी रिकामाच कप पुन्हा तोंडाला लावला. गुणाजीला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या रिकाम्या कपाकडे बघून त्याला रागही येईना. असला हरामखोर नशिबाचा खेळ! भांडायला समोर माणूस हवा, तर समोर आपल्यासारखाच घाबरलेला एक जीव. तो उठला तेव्हा नीलाबाईंनी कोकमाची रिकामी बरणी धुऊन परत दिली.

मग उरले प्रधान वकील. त्यांनी एकच वाट काढली होती. "तुम्ही नोकर होतात, हे आपण सिद्ध करायचं. हुकूम कर्णिकांचा. सामान एजन्सीचं. हत्यारं एजन्सीची."

"हत्यारं माझी आहेत, वकीलसाहेब."

"कोर्टात नाहीत. स्वतःची हत्यारं असलेला माणूस म्हणजे कंत्राटदार. हे लोक पहिलं तेच विचारतात. हत्यारं वाचवायची असतील, तर हत्यारं माझी नाहीत म्हणा."

हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना. घरी येऊन त्यानं रत्नप्रभेला सांगितलं. ती शेडीत गेली, एक पाना उचलून आणला, त्याच्यावरच्या नावावर अंगठा फिरवला.

"आणि ह्या काय? कोण बघूक येतला हंय?"

"कोणीच नाय येवचा."

"मग सांगा. देवाक मी समजावतंय." तिनं पाना परत जागेवर नेऊन ठेवला.

कोर्टात खटले पिढ्यान्‌पिढ्या सडतात म्हणतात. नेमका ह्याचाच खटला भराभर पुढे सरकला. फोर्टातल्या त्या उंच छताच्या खोलीत गुणाजी पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्यानं लग्नातला कोट घातला होता. समोर इंग्रजी चाललेलं, बाजूला दुभाषी. आदल्या तारखेला कर्णिक येऊन आपलं पाठ केलेलं वाक्य बोलून गेले होते, चुका न करता.

विमा कंपनीचे वकील वयस्कर, शांत. आवाज चढवला नाही त्यांनी.

"त्या दिवशी सामान कोणी दिलं?"

"कंपनीनं."

"सगळं?"

"सगळं."

"हत्यारं कोणाची होती?"

गुणाजीनं प्रधानांकडे पाहिलं. प्रधान खाली बघत होते. "कंपनीची," तो म्हणाला. शब्द निघून गेला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. वर पंखा फिरत होता.

"तुमची स्वतःची हत्यारं नाहीतच?"

"नाय."

वकिलांनी टेबलाखालून एक पिशवी काढली, पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी. परदेशात पेटी उघडली तेव्हा पाहणी करणाऱ्यानं आतलं लोखंड जमा करून ठेवलं होतं, असं काहीतरी ते न्यायाधीशांना सांगत होते. आधी चार बॉटल-स्क्रू निघाले. एजन्सीचे. आकडे उलगडलेले, एकाची चौकट मधोमध फाटलेली. मग आणखी दोन निघाले. वकिलांनी त्यातला एक गुणाजीच्या हातात दिला.

"हा ओळखता?"

गुणाजीनं तो वळवून बघितला. गंज चढला होता, पण आकडे जसेच्या तसे होते. चौकट सरळ. आटे शाबूत. पावसाळ्याचा अख्खा समुद्र त्यानं खाल्ला होता, बाजूचे चारही उघडले, वजन एकट्या ह्यांच्यावर आलं, भिंतीतल्या कड्या उपटल्या गेल्या, तरी हा तुटला नव्हता. गुणाजी सगळं विसरला. प्रधान विसरला, कोर्ट विसरला, काय ठरलं होतं ते विसरला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला.

"अहो, हा माझा!" तो मोठ्यानं म्हणाला. "हे बघा, नाव आहे! तुटला नाय, साहेब! बघा तुम्ही, माझे दोन्ही तुटले नायत!"

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, क्षणभर थोडं मायेनंच, आणि मग खाली वाकून लिहायला लागले. प्रधानांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठे गुणाजीच्या लक्षात आलं. बॉटल-स्क्रू अजून त्याच्या हातात होता. शिपायानं येऊन तो अलगद काढून घेतला. आता तो कोर्टाचा झाला होता.

बाहेर व्हरांड्यात प्रधान चिडले नाहीत, हेच गुणाजीला जास्त लागलं. "चुकलं माझं," गुणाजी म्हणाला.

"काय चुकलं? खरं बोललात तुम्ही." प्रधानांनी पिशवी काखेत मारली. "आणि तुम्ही ते दोन लावले नसते ना, तर दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं."

निकाल लागायचा तोच लागला. परब हा स्वतंत्र कंत्राटदार, हत्यारं त्याचीच, नाही म्हणाला ते खोटं, आणि नुकसानीला जबाबदार तोच. जहाजवाल्यावरचा दावा मुदतीबाहेर, एजन्सीवरचा तसाच. रक्कम ऐकून गुणाजीला काहीच वाटलं नाही. एवढे पैसे त्याच्या डोक्यात मावतच नव्हते. त्याला फक्त शेड दिसत होती.

प्रधानांनी वरच्या कोर्टात अपील टाकलं. स्वतःच्या पदरचे कागद, स्वतःचं टायपिंग. "मुद्दा एकच," ते म्हणाले. "ते दोन बॉटल-स्क्रू सोडले, तर बाकी सगळं कंपनीचं. माणूस नोकरच. ह्याला धरून राहायचं. आता ह्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहून देऊ नका कोणाला." पण अपील टाकलं म्हणून काही जप्ती थांबली नाही. त्यासाठी पैसे भरावे लागतात, आणि ते असते तर अपील कशाला लागलं असतं?

कोर्टाचा बेलिफ आला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आता ह्याला योगायोग म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. मी तर ह्याला मेल्या नशिबाचा दुष्टपणा म्हणेन. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दर वर्षीप्रमाणे रत्नप्रभेनं एकूणएक हत्यार बाहेर काढलं होतं, रॉकेलनं पुसलं होतं, गोणपाटावर ओळीनं मांडलं होतं. काम कधीचं बंद झालं होतं, एजन्सीनं दुसरा माणूस धरला होता, पण पूजा कशी चुकवायची? अंबादासही आला होता. बाकीचे आपापल्या वाटेला लागले, हा येत राहिला.

बेलिफ वयानं गुणाजीएवढाच, घामेजलेला. सोबत टेम्पो. त्यानं मांडलेली हत्यारं बघितली, बाजूची हळद-कुंकवाची कोयरी बघितली, आणि बूट बाहेर काढून आत आला.

"दसऱ्याच्या तोंडावर आलो, माफ करा. हुकूम आहे." त्यानं शेड मोजली, सील लावायची जागा बघितली. खोलीतल्या भांड्यांना हात लावला नाही. स्वयंपाकाची भांडी कायदा नेत नाही, म्हणाला. मग हत्यारांपाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलला, "परब, एक सांगतो. कारागिराची हत्यारं पण जप्त करता येत नाहीत. पोटापाण्याची असतात ना. तुम्ही एवढंच लिहून द्या, की ही माझी आहेत, मी हातानं काम करणारा कारागीर आहे. मी इथंच सोडून जातो."

रत्नप्रभा तिथल्या तिथं देवाला हात जोडून मोकळी झाली. "पावलंस गे बाय... लिवा, लिवा लवकर!" अंबादासनं खिशातलं पेन काढून पुढे केलं.

गुणाजीनं पेन हातात घेतलं. मग तो उठला, "आलो" म्हणाला आणि नाक्यावरच्या वाण्याकडे फोन करायला गेला. प्रधान भेटले. त्यांनी सगळं ऐकलं.

"सही केलीत तर अपील संपलं, गुणाजीराव. तुमच्याच अक्षरात 'हत्यारं माझी'. शेड गेली म्हणून समजा, आणि शपथेवर खोटं बोललात ते वेगळंच अंगावर येईल."

"आणि सही नाय केली तर?"

"तर हत्यारं गेली."

"मग काय करू?"

"मला विचारू नका हो," प्रधान म्हणाले. "अपील आहे तोवर शेडीची आशा आहे. बस्स. मी एवढंच सांगू शकतो."

परत येताना गुणाजी रस्ता ओलांडायला विसरून तसाच कडेला उभा राहिला. समोर पाटी दिसत होती. रंग अजून छान होता.

"काय म्हणाले?" रत्नप्रभेनं विचारलं. त्यानं पेन अंबादासला परत दिलं. बेलिफ त्याच्याकडे बघत होता. "परब? लिहिताय ना?"

"ती माझी नायत," गुणाजी म्हणाला.

"अवो!" रत्नप्रभा ओरडली. "तुमका येड लागला काय? नाव आसा ना त्येंच्यार! आपलीच आसत हो ती, साहेब, आपलीच आसत, मी सांगतंय तुमका!"

"बाई, त्यांनीच सांगायला पाहिजे," बेलिफ कळवळून म्हणाला. "कोर्टानं त्यांची ठरवलीत, म्हणून मला न्यावी लागतायत. सोडायची तर त्यांनीच म्हणायला पाहिजे." त्यानं पुन्हा एकदा विचारलं. विचारायची गरज नव्हती त्याला. भला माणूस होता. गुणाजी पुन्हा तेच म्हणाला.

टेम्पोवाला हत्यारं दणादण फेकायला लागला तसा अंबादास पुढे झाला. "हो बाजूला. तशी टाकतात काय रे?" त्यानं एकेक हत्यार उचललं, फडक्यात घेतलं, टेम्पोत नीट रचलं. कात्र्या एकीकडे, हातोडे एकीकडे. प्रत्येकावरचं नाव वरच्या अंगाला येईल असं ठेवलं. बेलिफ वाचत गेला आणि लिहीत गेला: पाना एक, गु. बा. परब. पाना दोन, गु. बा. परब. जाताना बेलिफनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. शेडीला सील लागलं. मागच्या खोलीला बाहेरून वेगळं दार होतं, ते तेवढं उघडं राहिलं. तेही अपील होईपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडून होता. रत्नप्रभेनं हाक मारली नाही. तिनं पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळी काढली, आणि पाटावर काय ठेवावं म्हणून खोलीभर बघत राहिली. मग तिनं विळी घासली, पुसली, पाटावर ठेवली. झेंडूचं फूल वाहिलं.

"उठा. नमस्कार तरी करा."

तो उठला. अंघोळ केली. पाटासमोर बसला. तिनं कुंकवाची कोयरी त्याच्यापुढे सरकवली. गुणाजीनं बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच अधांतरी धरून विळीकडे बघत राहिला. विळीच्या पात्यावर, एका कोपऱ्यात, झिजत आलेलं नाव होतं.

"ह्याच्यार नाव कोणाचा आसा गे?" त्यानं विचारलं.

"माझ्या आयेचा. लग्नात दिलेली माका."

"म्हणजे आपली नाय."

रत्नप्रभेनं विळीवरचं फूल सरळ केलं.

"बरा झाला," गुणाजी म्हणाला, आणि विळीला कुंकू लावलं.